कार्डावरचा आकडा बघू नका, स्लॉट बघा

विट्यात लग्नाची शूटिंगं करतो. कॅमेऱ्याला यूएचएस-टू, म्हणजे जलद एसडी मेमरी कार्डाचा स्लॉट आहे. पुढचा विचार करून आत्ताच एसडी एक्सप्रेस कार्ड घेऊ का?

थांबा की जरा. एसडी एक्सप्रेस आलं 2018 ला, लॅपटॉपच्या एसएसडीत असतं तेच पीसीआय एक्सप्रेस आणि एनव्हीएमई हे वेगवान तंत्र कार्डात घातलं, सेकंदाला 985 एमबी, आणि 2020 ला तर कागदावर 3940 पर्यंत नेलं. पण मेख अशी आहे की यूएचएस-टू ज्या दुसऱ्या ओळीतल्या पिना वापरतं त्याच एक्सप्रेसनं घेतल्यात, म्हणून तुमच्या कॅमेऱ्यात ते कार्ड चालेल पण यूएचएस-वन या जुन्या, मंद पद्धतीच्या 104 वर उतरून. तुमचं जुनं यूएचएस-टू कार्ड त्याच स्लॉटात 312 पर्यंत जाऊ शकतं. जादा पैसे देऊन बुलेट घ्यायची आणि बाजाराच्या दिवशी गणपती पेठेत घालायची, तसलं काम हे.

मग पुढं टिकणार कोण, एसडी का सीएफएक्सप्रेस हे दुसऱ्या घडणीचं वेगवान कार्ड?

माझं मत विचाराल तर मोठ्या कॅमेऱ्यात सीएफएक्सप्रेस. त्याच्या 2023 च्या 4.0 आवृत्तीत छोटं टाइप ए 2000 आणि मोठं टाइप बी 4000 एमबीपर्यंत गेलं, आणि कॅमेरावाल्या कंपन्या आधीच तिकडं सरकल्यात. छोट्या कार्डाचं नशीब मात्र गेमवाल्यांनी उघडलं, 2025 च्या निंटेंडो स्विच 2 मध्ये गेम ठेवायला मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं, साधं चालत नाही, त्यामुळे खप वाढला की भाव उतरायची आशा आहे. पण नियमावली निघाली म्हणजे माल आला असं धरू नका. यूएचएस-थ्री 2017 ला 624 चा आकडा घेऊन घोड्यावर बसलं, मांडवात काही पोचलं नाही.

साताऱ्याचा आहे, कासला ड्रोन उडवतो. कार्डावर 200 लिहिलंय, कॉपी होताना 35 च दिसतं. डुप्लिकेट आहे का?

बहुतेक नाही, रीडर यूएसबी 2.0 चा असणार, त्याची धावच तेवढी. शिवाय 200 हा वाचायचा स्पीड, तोही कंपनीच्या खास रीडरवर. ड्रोनला लिहायचा स्पीड लागतो, तिथं कार्डावर व्ही30 ही खूण बघा, म्हणजे सेकंदाला कमीत कमी 30 एमबी. आठ मेगाबिटांचा एक एमबी, म्हणजे 100 मेगाबिटचा फोरके व्हिडिओ सेकंदाला साडेबाराच एमबी लिहितो, भागतंय की.

सीएफएक्सप्रेस कार्ड काढताना चटका बसतो, बिघडलंय का?

नाही ओ, एवढ्या वेगाला गरम होणारच. लाल दिवा विझल्यावर दोन मिनिटं थांबून काढा, आणि अक्षता पडायच्या वेळी अजिबात हात लावू नका.