पडलेली पुढच्या राउंडला आणि पहिला आलेला बाहेर, असं कसं?

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, रोलर स्केटिंगला जाते. तिला बर्फावरच्या शॉर्ट ट्रॅक रेस बघायचा भारी नाद लागलाय, तिच्यासोबत मी पण बसते, पण मला काही टोटल लागत नाही. जी पडली ती पुढच्या राउंडला जाते आणि जो पहिला आला त्याला बाहेर काढतात. हा सगळा नशिबाचाच खेळ आहे का? आणि उद्या तिने बर्फावर जायचं म्हटलं तर आपल्याकडे सोय आहे का?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, नशिबाचा वाटा आहे, पण लोकांना वाटतो तेवढा नाही. आधी जागा डोळ्यासमोर आणा. साठ बाय तीस मीटरचा बर्फ, त्यावर 111.12 मीटरची एक चक्कर, म्हणजे 500 मीटरला साडेचार चकरा. लाँग ट्रॅकला 400 मीटरच्या ट्रॅकवर दोघं दोघं घड्याळाशी पळतात, इथे मात्र चार-पाच-सहा जण एकत्र सुटतात, लेन नाही, टाइम कितीही लागो, आधी पोचला तो जिंकला. ताशी 45 किलोमीटरच्या वर स्पीड आणि वळण इतकं आवळलेलं की अंग जवळजवळ बर्फाला टेकतं. मुलीला सांगा डावा हात बघ, वळणावर बोटांची टोकं बर्फावरून घसरत जातात, म्हणून ग्लोव्हच्या टोकांना कडक गुळगुळीत टोप्या बसवलेल्या असतात. ब्लेड पण बुटाच्या मधोमध नसतं, डावीकडे सरकवलेलं असतं, नाहीतर एवढं कलल्यावर बूटच बर्फाला घासेल.

आता तुमचा मुद्दा. समजा एखादी खेळाडू पुढच्या राउंडला जाईल अशा जागेवर होती आणि दुसरीने तिला अडवलं किंवा पाडलं, तर रेफरी व्हिडिओ बघून पाडणारीला बाद करतात आणि पडलेलीला पुढे पाठवतात. ती स्वतःच्या चुकीने पडली असेल तर मात्र काही मिळत नाही. यामुळेच 2022 ला बीजिंगमध्ये पुरुषांच्या 1500 मीटरच्या फायनलला दहा जण होते, केवढी ती गर्दी! फायनलला मात्र पुढे पाठवायला राउंडच उरत नाही, तिथे फक्त बाद करता येतं. त्याच बीजिंगला 1000 मीटरमध्ये हंगेरीचा शाओलिन शांदोर लिऊ सगळ्यात आधी लाइन पार करून गेला, मग व्हिडिओ तपासला, त्याला पेनल्टी आणि यलो कार्ड, आणि गोल्ड चीनच्या रेन झिवेईला. बघताना जीव तुटतो हे मान्य, पण हे नियम नसते तर लोकांनी एकमेकांना ढकलूनच रेस जिंकल्या असत्या.

नशीब म्हटलं की सगळे 2002 च्या सॉल्ट लेक सिटीचं नाव काढतात. 1000 मीटर फायनल, ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी सगळ्यात मागे, शेवटच्या वळणावर पुढचे चौघे एकमेकांवर आदळून पडले आणि हा उभ्या उभ्या पहिला. क्लिप बघून लोक हसतात, मला ते अजिबात पटत नाही. 1994 ला माँट्रियलला दुसऱ्याच्या ब्लेडने त्याची मांडी कापली गेली होती, 111 टाके पडले, चार लिटर रक्त गेलं, 2000 मध्ये मान मोडली, आणि तरी तो परत बर्फावर उतरला. मागे राहणं हा त्याचा ठरवलेला प्लॅन होता, पुढच्या चौघांपेक्षा आपण स्लो आहोत आणि ते जागेसाठी भांडणार हे त्याला माहीत होतं. तो नंतर म्हणाला होता की हे गोल्ड त्या दीड मिनिटासाठी नाही, आधीच्या दहा वर्षांच्या मेहनतीसाठी घेतोय. दक्षिण गोलार्धातल्या कुणालाही हिवाळी ऑलिम्पिकचं गोल्ड मिळालं ते पहिल्यांदाच.

पण मुलीला एकच रेस दाखवायची असेल तर 2018 ची दाखवा, प्योंगचांग, महिलांची 3000 मीटर रिले, सेमीफायनल. 27 चकरांची रेस, कोरियाची ली यू-बिन सुरुवातीलाच पडली, 23 चकरा बाकी. रिलेत पुढचीच्या कमरेला मागून जोरात धक्का देऊन पाठवायचं असतं, इथे तर ही बर्फावर आडवी, तरी तिने तसाच हात लांबवला, चोई मिन-जोंग जवळ येऊन हाताला हात लावून सुटली. खूप मागे पडल्या होत्या, एकेक करत गाठत गेल्या आणि सेमीफायनल जिंकल्या, ती पण 4 मिनिटं 6.387 सेकंदांत, तेव्हाचा ऑलिम्पिक रेकॉर्ड! मग फायनलला गोल्ड. पडल्यावर काय करायचं याची पण प्रॅक्टिस असते ताई, ते नशीब नाही.

सोयीचं म्हणाल तर देहरादूनला इनडोअर रिंक आहे, ऑगस्ट 2025 मध्ये तिथे शॉर्ट ट्रॅकची एशियन ओपन ट्रॉफी झाली. लेहला खेलो इंडिया विंटर गेम्समध्येही शॉर्ट ट्रॅक असतं. नाशिकहून लांब पडतं हे खरं, पण रोलरवरचं काही वाया जात नाही, खाली वाकून बसणं, वळणावर पाय क्रॉस टाकणं, घोळक्यात पळताना घाबरून न जाणं, हे सगळं बर्फावर कामाला येतं. ब्लेडची सवय मात्र पहिल्यापासून करावी लागेल. आणि बर्फावर उतरेल तेव्हा हेल्मेट, गळ्याचा गार्ड आणि ब्लेडने न फाटणारा सूट, यात एक रुपया वाचवू नका.