एफवायबीएला सायकॉलॉजी घेतलंय, पण लर्निंगच्या धड्यातलं क्लासिकल-ऑपरंट कंडिशनिंग, निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट-पनिशमेंट सगळं एकमेकांत मिसळतंय. व्याख्या पाठ करू की दुसरं काही?

व्याख्यांपासून सुरुवात करू नका. परीक्षेच्या आधी थोड्याफार पाठ कराव्याच लागतात, त्यातून कोणाची सुटका नाही, पण ते शेवटचं काम. मी सायकॉलॉजीत एमए केलंय, सध्या सीएचबीवर (म्हणजे तासिका तत्त्वावर) एफवायला हाच विषय शिकवते, आणि पेपर तपासताना एक प्रकार कायम दिसतो, व्याख्या काना-मात्रेसकट बरोबर आणि खाली दिलेलं उदाहरण नेमकं उलटं. तुम्ही लिहिलंय की क्लासिकल वेगळं वाचलं की समजतं, ऑपरंट वेगळं वाचलं की समजतं, दोन्ही एका प्रश्नात आले की सगळा गोंधळ. हे फक्त तुमचंच नाहीये, धडे ज्या क्रमाने येतात त्यामुळे बहुतेकांचं हेच होतं.

मला स्वतःला असं वाटतं की या विषयातल्या कामाच्या संज्ञा जोडीने शिकाव्यात. दोन गोष्टी वरवर सारख्या दिसत होत्या, मग कोणीतरी दाखवून दिलं की नाही बाबा, या वेगळ्या आहेत, म्हणून दोन नावं पडली. त्यामुळे नवीन संज्ञा आली की 'म्हणजे काय' याच्या आधी 'हिला कशापासून वेगळं काढलंय' हे विचारा, अर्धं काम तिथेच होतं.

क्लासिकल कंडिशनिंग घेऊ, मराठीतून पेपर लिहिणार असाल तर अभिजात अभिसंधान. हे शोधणारे पाव्हलॉव्ह सायकॉलॉजिस्ट नव्हते, फिजिऑलॉजिस्ट होते, १९०४ चं नोबेल त्यांना पचनसंस्थेवरच्या कामासाठी मिळालं. कुत्र्यांची लाळ मोजता मोजता लक्षात आलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच, खायला देणारा माणूस दिसला तरी लाळ सुटतेय. मग त्यांनी ते पद्धतशीर तपासलं, मेट्रोनोमची टिकटिक ऐकवायची आणि पाठोपाठ अन्न द्यायचं, असं बऱ्याच वेळा झालं की नुसत्या टिकटिकीवर लाळ. (घंटी आपल्या पुस्तकांनी फारच फेमस करून ठेवलीय, ते मेट्रोनोम, बझर असं बरंच काय काय वापरायचे.) आता यूसीएस (अनकंडिशन्ड स्टिम्युलस, म्हणजे न शिकता प्रतिक्रिया घडवणारी गोष्ट) कोणता, सीएस (कंडिशन्ड स्टिम्युलस, शिकल्यावर प्रतिक्रिया घडवणारी गोष्ट) कोणता इथे गाडी अडते ना, तर प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारायचं, हे न शिकता आपोआप होतं का? अन्नाने लाळ सुटते ती कोणी शिकवावी लागत नाही, म्हणून अन्न यूसीएस. टिकटिकीने लाळ सुटायला शिकावं लागलं, म्हणून टिकटिक सीएस. लाळ तीच आहे हे लक्षात घ्या, अन्नाने आली तर यूसीआर (अनकंडिशन्ड रिस्पॉन्स) आणि टिकटिकीने आली तर सीआर (कंडिशन्ड रिस्पॉन्स). मुलं लाळेला एकच नाव देऊन मोकळी होतात आणि दोन मार्क घालवतात.

याहून मोठा गोंधळ लिटल अल्बर्टमध्ये होतो. १९२० ला वॉटसन आणि रेनरने एका तान्ह्या मुलावर प्रयोग केला, त्याला पांढरा उंदीर दाखवायचा आणि त्याने हात लावला की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणायचा. थोड्याच वेळा असं केल्यावर उंदीर नुसता दिसला तरी तो रडून लांब सरकायला लागला. आज असला प्रयोग कोणतीही एथिक्स कमिटी मंजूर करणार नाही आणि करूही नये. तर इथे निम्मा वर्ग 'उंदीर हा यूसीएस' असं लिहून येतो, कारण उंदीर बघून आपणच दचकतो. पण अल्बर्ट सुरुवातीला उंदराला अजिबात घाबरत नव्हता, तो घाबरायचा त्या दणक्याला. दणका यूसीएस, उंदीर सीएस. आणि नंतर तो सशाला, फरच्या कोटालाही घाबरायला लागला ते जनरलायझेशन. त्याच्या समोरचं डिस्क्रिमिनेशन, म्हणजे मेट्रोनोमच्या एका वेगाला अन्न आणि दुसऱ्याला काहीच नाही असं ठेवलं की कुत्रा दोन्हींतला फरक ओळखायला शिकतो.

गार्सिया या सायकॉलॉजिस्टचं काम अभ्यासक्रमात असो नसो, वाचाच. १९६६ मध्ये गार्सिया आणि कोएलिंगने उंदरांना चवीचं पाणी दिलं आणि त्याच वेळी पिताना लाइट आणि आवाजही ठेवला. मग काहींना आजारी पाडलं, काहींना पायाला शॉक दिला. आजारी पडलेले उंदीर चव टाळायला लागले, शॉकवाले लाइट-आवाज टाळायला लागले. म्हणजे कशालाही काहीही जोडता येतं असं नाही, शरीराची काही जोड्यांकडे आधीच ओढ असते. लग्नातलं श्रीखंड खाल्लं आणि रात्री उलट्या झाल्या तर पुढे कितीतरी वर्षं श्रीखंडाचा वास नको होतो, मांडवाचा रंग किंवा बँडचा आवाज नाही नको होत. एका वेळेत होतं, मध्ये काही तास गेले तरी होतं, हे पाव्हलॉव्हच्या चौकटीत सहज बसत नव्हतं.

ऑपरंट कंडिशनिंग, साधक अभिसंधान, यात फरक एवढाच की इथे प्राण्याला आधी काहीतरी करावं लागतं आणि परिणाम नंतर येतो. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याने काही केलं नाही केलं, अन्न येणारच होतं. ऑपरंटवर काम करणाऱ्या स्किनरच्या प्रयोगात उंदराने लिव्हर दाबला नाही तर दाणा नाही. त्याआधी १८९८ ला थॉर्नडाइकने मांजरी पेटीत बंद करून हेच बघितलं होतं, खटका दाबून बाहेर पडलं की मासा, आणि हळूहळू मांजर लवकर सुटायला लागतं.

आता तुमचं खरं दुखणं, निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. दोन प्रश्न विचारायचे आणि त्याच क्रमाने विचारायचे. वागणं पुढे वाढलं की कमी झालं? वाढलं तर रिइन्फोर्समेंट, कमी झालं तर पनिशमेंट, चांगलं-वाईट, प्रेमळ-कठोर याचा इथे काही संबंध नाही. मग दुसरा प्रश्न, काही दिलं की काढून घेतलं? दिलं तर पॉझिटिव्ह, काढलं तर निगेटिव्ह, गणितातला अधिक-उणे. बस, चार खणांचा तक्ता झाला. गाडीत सीटबेल्ट लावेपर्यंत टींग-टींग चालू राहतं आणि लावला की बंद, आपण बेल्ट लावायला लागतो, म्हणून निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. हेल्मेट नाही म्हणून चलान फाडलं, पैसे गेले, विनाहेल्मेट फिरणं कमी झालं, तर निगेटिव्ह पनिशमेंट. धपाटा घातला आणि खोडी थांबली तर पॉझिटिव्ह पनिशमेंट. या शेवटच्यावर वर्गात नेहमी आरडाओरडा होतो, मॅडम धपाटा पॉझिटिव्ह कसा, तर तो 'दिला' म्हणून.

एक सीन नीट बघा, कुठल्याही किराणा दुकानात दिसेल. काउंटरवर चॉकलेटच्या बरण्या, पोरगं बोट दाखवतं, आई नाही म्हणते, पोरगं भोकाड पसरतं, मागे रांग लागलेली, लोक बघतायत, दुकानदार म्हणतो द्या हो वहिनी पाच रुपयांचं काय ते, आणि आई देते. रडणं बंद. आता दोघांचा हिशोब वेगळा मांडा. पोराच्या रडण्याला चॉकलेट मिळालं, पुढच्या वेळी ते परत रडणार, पॉझिटिव्ह रिइन्फोर्समेंट. आईच्या देण्याने तो कलकलाट थांबला, पुढच्या वेळी ती लवकर देणार, निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. एकाच घटनेत दोघं एकमेकांना शिकवतायत आणि दोघांनाही पत्ता नाही. समजा आईने ठरवलं की आता नाही म्हणजे नाही, तर सुरुवातीला रडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं, याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात, आणि नेमकी तिथेच आई हरली की पोरगं आधीपेक्षा मोठ्याने रडायला शिकतं. कधी द्यायचं कधी नाही असं चाललं तर ती सवय सगळ्यात चिवट, कारण कितव्या रडण्याला मिळेल ते पोराला माहीत नाही, व्हेरिएबल रेशो शेड्यूल, जुगाराच्या मशिनवर माणसं तासन्‌तास बसतात तीच भानगड. हा एक प्रसंग नीट उकलता आला तर ऑपरंटचा धडा झाला म्हणून समजा.

मेमरीमध्ये एचएम या पेशंटची केस पकडून ठेवा, दोन जोड्या एकदम सुटतात. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाचा) बराच भाग काढला. त्यानंतर तो थोडेसे आकडे लगेच म्हणून दाखवायचा, गप्पा मारायचा, पण लक्ष दुसरीकडे गेलं की आत्ता काय झालं ते गायब. म्हणजे शॉर्ट टर्म शाबूत आणि नवीन काही लाँग टर्ममध्ये जाईना. मग ब्रेंडा मिलनर या सायकॉलॉजिस्टने त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, रोज त्याच्या चुका कमी होत गेल्या, आणि रोज तो म्हणायचा की हे मी पहिल्यांदाच करतोय. हात शिकत होता आणि त्याला ते आठवत नव्हतं. प्रोसीजरल मेमरी (कसं करायचं याची) आणि डिक्लेरेटिव्ह मेमरी (काय घडलं, काय माहीत आहे याची) वेगळ्या का मानतात हे याच्याइतकं स्वच्छ कुठलीच व्याख्या सांगत नाही. २००८ ला तो वारला तेव्हा जगाला त्याचं नाव कळलं, हेन्री मोलेसन.

प्रोॲक्टिव्ह-रेट्रोॲक्टिव्ह इंटरफिअरन्समध्ये अडथळा कोण करतंय ते बघा. पासवर्ड बदललाय पण बोटं जुनाच टाइप करतात, जुनं नव्याच्या आड आलं, प्रोॲक्टिव्ह. नवा नंबर पाठ झाला आणि आता जुना आठवेना, रेट्रोॲक्टिव्ह. लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४ चा प्रयोगही करून जा, गाड्यांच्या अपघाताची तीच फिल्म दाखवून एका गटाला विचारलं गाड्या 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता, दुसऱ्यांना 'एकमेकांना लागल्या' तेव्हा किती, नुसत्या क्रियापदाने सरासरी अंदाज ताशी सुमारे ४१ मैलांवरून ३२ वर आला. आठवण म्हणजे साठवलेला व्हिडिओ नाही हे सांगायला याहून सोपं काही मिळणार नाही.

रिसर्च मेथड्सचा धडा सगळे कंटाळून सोडतात, मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तरी इथे थोडक्यात. रिलायबिलिटी आणि व्हॅलिडिटी: वजनकाटा दरवेळी दोन किलो जास्त दाखवत असेल तर तो भरवशाचा आहे पण खरा नाही, रिलायबल आहे, व्हॅलिड नाही. रँडम सॅम्पलिंग म्हणजे अभ्यासात कोण येणार ते चिठ्ठीने ठरवणं, रँडम असाइनमेंट म्हणजे आलेल्यांपैकी कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठीने ठरवणं. कोरिलेशन आणि कारण: ज्या घरात पुस्तकं जास्त त्या घरातल्या मुलांना मार्क जास्त असं आढळलं तरी उद्या कोणाच्या घरी कपाटभर पुस्तकं नेऊन टाकली म्हणून मार्क वाढतीलच असं नाही, आईवडिलांचं शिक्षण, पैसा, बरंच काही दोन्हींच्या मागे असू शकतं.

बाकी किरकोळ पण मार्क खाणारं. स्किझोफ्रेनिया म्हणजे दोन व्यक्तिमत्त्वं नव्हेत, एकाहून जास्त व्यक्तिमत्त्वं असण्याला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात, सिरियलवाल्यांनी वाट लावलीय याची. नको त्या आठवणी-विचार दाबणं: रिप्रेशन नकळत होतं, सप्रेशन आपण ठरवून करतो. फ्रॉइड पेपरात येतो म्हणून इड-इगो-सुपरइगो करा, पण सायकॉलॉजी म्हणजे फ्रॉइड असं डोक्यात घेऊन पुढे जाऊ नका.

अभ्यास कसा करायचा हे पण विचारलंय तुम्ही, तर त्याचं उत्तर याच विषयात आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकेने कॉलेजच्या मुलांना उतारे वाचायला दिले, काहींनी परत वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परत वाचणारे थोडे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने उलटं झालं, मिटून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि परत वाचणाऱ्यांना ४२. हायलायटरने पान पिवळं करण्यापेक्षा वही मिटा आणि कोऱ्या कागदावर जोड्या लिहा, अडलं की मगच उघडा.

आता मिटून ही तीन करून बघा. डोकं दुखलं, गोळी घेतली, थांबलं, पुढच्या वेळी दुखायला लागल्या लागल्या गोळी घेतली. इंजेक्शन टोचलेलं बाळ पुढच्या वेळी नुसता पांढरा कोट दिसला तरी रडलं. मुलगा किरकिर करतो म्हणून बाबांनी मोबाइल काढून घेतला, आणि त्या दिवसापासून किरकिर आणखी वाढली. पहिल्या दोनमध्ये नावं लिहा, दुसऱ्यात यूसीएस-सीएस वेगळे दाखवा. तिसऱ्याला निगेटिव्ह पनिशमेंट लिहिलं असेल तर चार खणांचा भाग परत वाचा आणि पहिला प्रश्न आधी विचारा. उत्तरं खाली कमेंटमध्ये टाका, रविवारी बघते.