शहराच्या मध्यभागात मोफत बस सुरू केल्याने रस्त्यावरच्या गाड्या खरंच कमी होतात का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या शहराच्या मध्यभागात फिरणारी मोफत बस सुरू करायचा प्रस्ताव आला आहे, त्याने गाड्या कमी होतील असं सांगितलं जातंय, आणि ते पटावं की पैसा पाण्यात जाणार म्हणून विरोध करावा हे ठरत नाहीये. माझी बरीच वर्षं बसच्या फेऱ्या आणि वेळापत्रकं आखण्यात गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाड्या कमी होतील या आश्वासनावर विसंबू नका. गाडी काढायची की नाही हे माणूस घरून निघतानाच ठरवतो, आणि मध्यभागात फिरणारी बस त्याच्या घरापर्यंत जातच नाही. मेलबर्नचं उदाहरण घ्या. तिथे १ जानेवारी २०१५ पासून शहराच्या मध्यवर्ती भागात ट्राम मोफत आहे. आता जो माणूस उपनगरातून रेल्वेने येतो, त्याने तिकीट काढलेलंच असतं आणि त्याच तिकिटावर त्याला ट्राममध्ये बसता येतं. म्हणजे मोफत क्षेत्रामुळे त्याचा एक पैसाही वाचत नाही. वाचतो कुणाचा? मध्यभागात राहणाऱ्यांचा, पर्यटकांचा, आणि गाडी घेऊन येऊन ती मध्यभागात लावणाऱ्यांचा! शिवाय जे लोक पूर्वी दोन थांब्यांचं अंतर सहज चालत जात, तेही ट्राममध्ये चढू लागले. गर्दीची तक्रार तिथे तेव्हापासून चालूच आहे.

तरीही मी अशा बसच्या बाजूची आहे, अगदी मनापासून. फक्त तिच्याकडून नेमकं कोणतं काम करून घ्यायचं ते स्पष्ट हवं.

पहिलं काम म्हणजे प्रवासाचा शेवटचा तुकडा जोडणं. अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये १९८२ साली सोळाव्या रस्त्यावर मोफत बस सुरू झाली, तिच्यामागचा विचार मला आजही फार आवडतो. लांबून येणाऱ्या बसगाड्या मध्यभागातल्या रस्त्यांवर गर्दी करत होत्या. मग त्या दोन्ही टोकांच्या स्थानकांवरच थांबवल्या आणि मधल्या रस्त्यावर एकामागून एक मोफत बस सोडल्या. लांबून आलेला माणूस टोकाला उतरतो, समोर उभ्या असलेल्या बसमध्ये चढतो आणि हवं तिथे उतरतो. मँचेस्टरमध्ये पिकॅडिली आणि व्हिक्टोरिया ही दोन मोठी रेल्वे स्थानकं एकमेकांपासून लांब आहेत. तिथली मोफत बस त्यांना आणि बाजारपेठेला सांधते. अशी बस असली की रेल्वेने येणं सोपं होतं. गाड्या कमी होण्याची थोडीफार आशा असलीच तर ती इथे आहे, तीसुद्धा आडवाटेने.

दुसरं काम लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. गर्दीच्या वेळी एखाद्या थांब्यावर उभं राहून बघा. पुढच्या दारातून लोक एकेक करून चढताहेत. एकाने कार्ड टेकवलं, दुसरीचं कार्ड पिशवीच्या तळाशी गेलंय, तिसरा चालकाशी सुट्ट्या पैशांवरून बोलतोय, आणि त्यांच्या मागे आठ-नऊ जण पायरीखाली ताटकळताहेत. मागचं दार बंदच. माणशी ५ सेकंद धरली तरी १२ जणांना एक मिनिट लागतं. कुणाला काही दाखवायचंच नसेल आणि सगळी दारं एकदम उघडली, तर तेवढेच लोक २० सेकंदांत आत जातात. अशा १५ थांब्यांवर ४०-४० सेकंद वाचली, तर एका फेरीमागे १० मिनिटं वाचली.

या १० मिनिटांचं मोल वेळापत्रक आखणाऱ्याला विचारा. समजा ८ बस आहेत आणि फेरीला ४० मिनिटं लागतात. मग दर ५ मिनिटांनी एक बस येते. फेरी ३० मिनिटांवर आली, की त्याच ८ बस दर पावणेचार मिनिटांनी येऊ लागतात. नवी बस नाही, नवा चालक नाही. हा हिशेब अर्थात भरगर्दीतला आहे. दुपारी थांबे रिकामे असतात तेव्हा एवढा फायदा होत नाही. आणि मोफत म्हटल्यावर चढणारेही वाढतात, हे धरूनच चालायचं. पण मध्यभागात बस बऱ्याचदा थांब्यावरच रखडते, म्हणून मोफत असण्याचा सगळ्यात मोठा लाभ मला खिशापेक्षा घड्याळात दिसतो. अमेरिकेतल्याच सिॲटलने हे १९७३ मध्येच ओळखलं होतं. तिथे मध्यभागात बसमध्ये चढताना पैसे द्यावे लागत नसत. बाहेर जाणाऱ्या बसमधून उतरताना भाडं घेतलं जाई. त्यामुळे ऐन गर्दीच्या भागात बस भराभर भरून निघत.

आता मार्गाविषयी, कारण प्रस्ताव बिघडतात ते इथे. नकाशावर गोल मार्ग फार छान दिसतो. सगळ्या महत्त्वाच्या जागा एका वर्तुळात येतात, सगळे खूश. प्रत्यक्षात एकाच दिशेने फिरणाऱ्या गोल मार्गावर जाताना ५ मिनिटं लागतात आणि परत येताना उरलेलं सगळं वर्तुळ फिरावं लागतं. दुसरं म्हणजे गोल मार्गाला शेवटचा थांबाच नसतो. चालकाला कुठेतरी विश्रांती द्यावी लागते, उशीर कुठेतरी भरून काढावा लागतो, तेव्हा भरलेली बस प्रवाशांसकट उभी राहते. ती विश्रांती काढून टाकली तर उशीर साचत जातो आणि तासाभराने दोन-तीन बस एकापाठोपाठ धावू लागतात, मागे वीस मिनिटं काहीच नाही. दोन टोकांमधला सरळ, आखूड आणि दोन्ही दिशांनी चालणारा मार्ग दिसायला साधा असतो, पण तोच लोकांच्या उपयोगी पडतो. मोठ्या इमारतीतल्या लिफ्टसारखी ही बस असायला हवी: वेळापत्रक न बघता माणूस येतो आणि ती आलेली असते. १५ मिनिटांनी येणार असेल तर तेवढ्या वेळात माणूस चालत पोहोचतो. मग तिच्यात उरतात फक्त ज्यांना चालवतच नाही ते.

त्यांच्याविषयीही बोलायला हवं. गुडघे दुखणारी बाई, चाकाच्या खुर्चीतला माणूस, लहान मूल आणि दोन पिशव्या सांभाळणारा बाप, यांच्यासाठी अर्धा किलोमीटर हे मोठं अंतर आहे. खालच्या पातळीची, बिनपायऱ्यांची बस त्यांच्यासाठी मध्यभाग खुला करते. सिॲटलने २०१२ मध्ये मोफत क्षेत्र बंद केलं तेव्हा दवाखान्यांपर्यंत आणि मदत केंद्रांपर्यंत जाणाऱ्या गरीब लोकांची अडचण होणार हे दिसत होतं. शेवटी त्यांच्यासाठी एक वेगळी छोटी मोफत बस सुरू करावी लागली. मोफत बसमध्ये बेघर माणसं बसून राहतात अशी तक्रार बऱ्याच ठिकाणी होते. मला ती तक्रार बस बंद करण्याचं कारण वाटत नाही. त्यांना बसायला दुसरी जागा नाही, हा प्रश्न बस बंद केल्याने सुटत नाही.

राहिला पैसा. मध्यभागातल्या आखूड प्रवासाचं उत्पन्न मुळात थोडं असतं, कारण बऱ्याच जणांकडे पास किंवा दिवसाचं तिकीट असतंच, आणि भाडं गोळा करण्याचा खर्चही वाचतो. त्यामुळे बुडणारं भाडं हा मोठा आकडा नसतो. मोठा खर्च बस आणि चालकांचा. तो दरवर्षी सर्वसाधारण अंदाजपत्रकातून मागायचा असेल, तर पहिल्या टंचाईच्या वर्षी कात्री इथेच लागते. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने १९७५ मध्ये मध्यभागातली हवा सुधारावी म्हणून मोफत प्रवास सुरू केला होता. २०१० मध्ये त्यातून बस वगळल्या, फक्त रेल्वे मोफत ठेवली, आणि २०१२ मध्ये पैशांअभावी तीही सवलत संपली. याउलट पर्थमध्ये १९९६ पासून रंगांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मोफत बस आजही चालू आहेत. तिथे मध्यभागातल्या पार्किंगच्या जागांवर दरवर्षी शुल्क घेतलं जातं, राहत्या घरांच्या जागा सोडून, आणि तो पैसा त्याच भागातल्या वाहतुकीवर खर्च होतो. मला ही व्यवस्था सगळ्यात न्याय्य वाटते. गाडी मध्यभागात आणणं महाग होतं आणि त्यातूनच बस चालते. तुमच्या प्रस्तावातलं गाड्या कमी करण्याचं वचन खरं करायचं असेल, तर त्याचा भार पार्किंगने उचलायला हवा.

म्हणून सरसकट विरोध करू नका. प्रस्ताव मागवून घ्या आणि त्यात चार गोष्टी शोधा. गर्दीच्या वेळी किती मिनिटांनी बस येणार, मार्ग दोन्ही दिशांनी चालणार का, पैसा कोणत्या ठरावीक उत्पन्नातून येणार, आणि शेवटची बस किती वाजता. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक समजू नका. बऱ्याच ठिकाणी अशी बस कचेऱ्या सुटल्यावर बंद होते, आणि दुकानांत, उपाहारगृहांत, रुग्णालयांत उशिरापर्यंत काम करणारे लोक तेव्हा कुठे घरी निघालेले असतात. सकाळी उशिरा सुरू केली तरी चालेल, पण रात्री शेवटच्या रेल्वेपर्यंत फेऱ्या ठेवा, अशी लेखी सूचना मी असते तर पहिल्याच दिवशी दिली असती.