बाळ आठ महिन्यांचं, मुक्काम नागपूरचा

न्यू जर्सीच्या एका आईने विचारलंय: "एप्रिलमध्ये नागपूरला येतेय. बाळ ८ महिन्यांचं. तीन आठवड्यांनी मी परत, बाळ जूनपर्यंत आईबाबांकडे. लसींचं काय करू?"

आधी थोडा खोडा घालते. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो. तारीख हलत असेल तर डिसेंबरात या, संत्रीही मिळतील. नसेल जमत, तर ऐका.

अमेरिकेत गोवराची पहिली लस, म्हणजे एमएमआर, १२ महिन्यांनंतर देतात. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाले की देतात. तुमचं बाळ नेमकं या दोन्हींच्या मधे अडकतंय. परदेशी निघणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला तिथले डॉक्टर एमएमआरचा एक डोस लवकर देतात. तो निघण्याच्या दोन आठवडे आधी मागून घ्या. हा डोस नेहमीच्या हिशेबात धरत नाहीत. पहिल्या वाढदिवसानंतरचे दोन्ही द्यावेच लागतात. क्षयरोगावरची बीसीजी लस तिथे सरसकट देत नाहीत, त्याबद्दलही विचारा.

महापालिकेच्या आरोग्य केंद्रात राष्ट्रीय कार्यक्रमातल्या लसी मोफत असतात. लसीकरण कोणत्या दिवशी, हे वस्तीतल्या आशाताई सांगतील. "सरकारी दवाखान्यात कशाला?" असं बाबा म्हणतील. म्हणू द्या. जवळचा बालरोगतज्ज्ञ ठरवून ठेवा, पण आशाताईंशीही आत्ताच ओळख करून घ्यायला सांगा.

आता कूलर. त्याशिवाय नागपूरचा उन्हाळा निघत नाही, आणि त्याच्या टाकीतल्या साचलेल्या पाण्यात डेंगीचा डास वाढतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतल्या कडा घासायच्या. अंडी कडांनाच चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून भागत नाही. हे काम बाबांच्या गुडघ्यांवर टाकू नका, माणूस लावा. बाळाला मच्छरदाणीत झोपवा, दुपारीसुद्धा, कारण हा डास दिवसा चावतो.

घरात ओआरएसची पाकिटं हवीत. जुलाब लागले तर ते लगेच सुरू करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. झिंक दिलं तर जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचं.

लसींच्या नोंदी कागदावर छापून आणा. उपचाराचा निर्णय आजी-आजोबा घेऊ शकतात, असं तुमच्या दोघांच्या सहीचं पत्रही द्या. उन्हाळ्यात आपल्यात साडेनऊ तासांचं अंतर. इथे रात्री ११ वाजता बाळ तापलं, तर तुम्ही दुपारी दीडच्या मीटिंगमध्ये असाल. अ‍ॅम्ब्युलन्सचा १०८ नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावा.