डल्सिमर नुकतंच शिकायला घेतलंय, जॅममध्ये (एकत्र बसून वाजवायच्या बैठकीत) जाऊ का?

अहो, बिनधास्त जा! दोन-तीन धुना येतात म्हणून लाजताय, पण माउंटन डल्सिमरचा (म्हणजे मांडीवर ठेवून वाजवायच्या या तारवाद्याचा) आवाज मुळात इतका हळू की फिडल आणि बॅन्जो सुरू झाले की तुमची चूक शेजारच्यालाही ऐकू येत नाही. डीएडी ट्यूनिंगमध्ये (तारा डी, ए, डी या सुरांत लावून) बसा, धून फास्ट गेली तर नुसती मोकळी डीची तार वाजवत राहा, ड्रोन म्हणून चालून जातं (आपला तानपुराच म्हणा). डल्सिमरवाल्यांच्या जॅममध्ये बरंचसं डी पट्टीतच असतं, जी पट्टी आली तर तिसऱ्या फ्रेटवर (पडद्यावर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा. ट्यूनर मात्र न्याच. अमेरिकेत आर्कान्सामधल्या माउंटन व्ह्यू गावाला गेलात तर कोर्टाच्या चौकात लोक खुर्च्या टाकून वाजवत बसतात, आधी गोलाच्या बाहेर बसून ऐका, मग विचारून आत सरका.