फौजेतून आलेत, पण कागदाला हात लावत नाहीत

"रिटायर होऊन वर्ष होत आलं मॅडम, पण हे एका ऑफिसची पायरी चढत नाहीत. विचारलं की चिडतात." सातारा जिल्ह्यातल्या एका हवालदारांच्या पत्नीची ही तक्रार. समुपदेशनाच्या कामात निवृत्त जवानांच्या घरांतून ती मला सतत ऐकू येते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

घरच्यांना हा आळस वाटतो. मला तो आळस मुळीच वाटत नाही. २४ वर्षं ज्यांची रजा, रेशन, औषधपाणी, बदली सगळं पलटणीतून ठरत आलं, त्यांना अचानक खिडकीपाशी उभं राहून "मला काय काय मिळतं?" असं विचारावं लागतं. हवालदारांनी तसं एकदा विचारलंही होतं. समोरच्याने मान वर न करता "नंतर या" म्हटलं. गावात सगळे ज्यांना 'मेजर' म्हणून हाक मारतात, त्या माणसाला ते फार लागलं. ते मला म्हणाले, "भीक मागायला गेल्यासारखं वाटलं."

मी विचारलं, "ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, पैसे भरलेत का?" त्यांना आठवत नव्हतं. खरं तर १ एप्रिल २००३ नंतर पेन्शनवर आलेल्या प्रत्येकाला या आरोग्य योजनेचं सदस्यत्व बंधनकारक आहे आणि वर्गणी निवृत्तीच्या रकमेतूनच कापली जाते. हवालदारांपर्यंतच्या हुद्द्यांना ती ३०,००० रुपये. पुढच्या वेळी त्यांनी फाईल आणली, त्यात ती कपात दिसली. त्यावर बोट ठेवून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे हे माझेच आहेत." पैसे भरलेले, कार्ड मात्र काढलेलं नाही. आणि त्या वर्षभरात पत्नीच्या गुडघ्यांवर खासगी दवाखान्यात खर्च चालू होता.

कार्ड का अडलं होतं, तेही त्याच फाईलमध्ये सापडलं. लष्कराच्या रेकॉर्डमध्ये पत्नीचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं. ही गफलत अनेक घरांत असते आणि पुढे फॅमिली पेन्शनलाही आडवी येते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असतं की बाकी सगळं थांबवा, आधी डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि घरातल्या प्रत्येकाचं आधार शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर जुळवा. जिथे फरक असेल तिथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. त्यांनीही तेच केलं. पत्नी सोबत गेल्या. ते मी मुद्दाम सुचवलं होतं, कारण उद्या गरज पडली तर ही वाट त्यांनाही माहीत हवी.

मुलगी नर्सिंगच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला होती, बारावीला चांगले गुण. माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे: मुलींना महिना ३,००० रुपये, मुलांना २,५००. व्यावसायिक पदवी हवी, बारावीला किमान ६० टक्के हवेत, आणि अर्ज पहिल्या वर्षीच करायचा. घाई करायची तर इथेच करावी. नोकरीचा अर्ज पुढच्या वर्षी भरता येतो, ही संधी हुकली की गेली.

आता झोपेबद्दल. हे त्यांनी अगदी शेवटी, पत्नी बाहेर गेल्यावर सांगितलं. रात्री दोनला जाग येते, दार वाजलं तरी अंगावर काटा येतो. "डॉक्टरकडे गेलो तर वेडा ठरवतील, पेन्शनवर परिणाम होईल." मी स्पष्ट सांगितलं, उपचार घेतले म्हणून सेवा पेन्शन बंद होत नाही. रक्तदाबासाठी जसं ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाता, तसंच जाऊन तिथल्या डॉक्टरांना झोपेचं सांगा, ते मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफर करतात. योजनेच्या पॅनलवरच्या रुग्णालयात त्या रेफरलवर खिशातून पैसे द्यावे लागत नाहीत. माझ्याशी बोलणं त्यांनी चालू ठेवावंच, पण औषध लागेल की नाही हे ठरवणं माझं काम नाही. एवढा कणखर माणूस हे बोलला, याचं मला फार मोल वाटतं.

कार्ड आलं, शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत गेला, झोपेचे उपचार सुरू आहेत. नोकरीचं अजून ठरलेलं नाही, आणि पत्नीला त्याचीच काळजी आहे. त्यांना मी सांगितलं ते असं: पेन्शन चालू आहे, त्यामुळे कुणाच्या तरी ओळखीने मिळेल ती वॉचमनची नोकरी लगेच धरू नका. राज्य शासनाच्या क आणि ड गटांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजलं जाणारं) आरक्षण आहे. केंद्रात दहावी झालेल्या आणि १५ वर्षं सेवा केलेल्या जवानाला क गटाच्या राखीव, बिगर-तांत्रिक पदांसाठी पदवीची अट असली तरी पात्र धरता येतं. वयातही सवलत मिळते. सैनिक कार्यालयात नाव नोंदवून ठेवा, झोप नीट लागू दे, आणि अभ्यासाला कधी बसायचं ते हवालदारांनाच ठरवू द्या.