‘संस्था जबाबदार नाही’ या कागदावर सही केली, आता?

प्रश्न : माझी 81 वर्षांची आई 14 महिन्यांपासून नाशिकजवळच्या एका खासगी वृद्धाश्रमात आहे. तिला स्मृतिभ्रंश आहे. महिन्याला 22 हजार भरतो, अनामत 1 लाख. गेल्या रविवारी न कळवता गेले, तर तिचा हात ओढणीने कॉटला बांधलेला आणि माकडहाडावर बेडसोअर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम). जाब विचारला तर म्हणाले, ‘त्या पडतात म्हणून बांधतो. काही झालं तर संस्था जबाबदार नाही, यावर तुमचीच सही आहे. पटत नसेल तर आठ दिवसांत घेऊन जा, अनामत मिळणार नाही.’ शेजारी म्हणतात प्रांताकडे जा, भाऊ म्हणतो गप्प बस. काय करू? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : ताई, अनामतीचं भांडण दोन दिवस बाजूला ठेवा. जखम भरून येते आणि रजिस्टर नव्याने लिहिता येतं, म्हणून आधी आईला सिव्हिल हॉस्पिटलला न्या. एक तर उपचार तातडीचे आहेत. दुसरं, डॉक्टरांना बांधून ठेवल्याचं स्पष्ट सांगा आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) करायला सांगा. जखमेची लांबी-रुंदी, खोली, मनगटावरचे वळ हे केसपेपरवर आलं पाहिजे. ‘बेडसोअर आहे’ एवढ्या दोन शब्दांवर पुढे काही उभं राहत नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी रजिस्टरचा फोटो मी बराच वेळ बघत बसलो. ‘कूस बदलली’ या रकान्यात दर दोन तासांनी बरोबरची खूण आहे, सगळ्या खुणा एकाच निळ्या पेनाच्या. फोटो दुपारी सव्वाचारचा असल्याचं तुम्ही लिहिलंय आणि खुणा रात्री दहापर्यंतच्या झालेल्या आहेत! बेडसोअर झाला म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध झाला, असं कोर्ट मानत नाही. समोरचा वकील वय काढेल, मधुमेह काढेल. पण न झालेल्या रात्रीची नोंद दुपारीच कशी झाली, याला त्याच्याकडे उत्तर नसेल. तो फोटो फोनमधून काढू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या प्रतीत वेळेची माहिती राहत नाही, म्हणून मूळ फाइल जपा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे तिच्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते करून घेता येईल.

आता त्या सहीबद्दल. पैसे घेऊन सांभाळायचं कबूल केलं, मग छापील ओळीच्या आडोशाने निष्काळजीपणा माफ होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली ही सेवेतली त्रुटी आहे. पैसे तुम्ही भरले, सेवा आईसाठी होती, म्हणून तक्रारीत दोघींची नावं घाला. तुमची आजवरची रक्कम अनामतीसह 4 लाख 8 हजार होते. 5 लाखांपर्यंत जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. मुदत 2 वर्षांची आहे आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही (हे माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतोय). नुकसानभरपाई, उपचाराचा खर्च आणि अनामत एकाच तक्रारीत मागा.

शेजाऱ्यांचा सल्ला चांगल्या मनाचा, पण पत्ता चुकलेला. प्रांतांपुढचं न्यायाधिकरण 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली मुलं आणि नातेवाईक यांच्याकडून निर्वाह मिळवून देतं. आश्रमाशी असलेला तुमचा वाद तिथे चालणार नाही. त्याच कायद्याचं कलम 24 मात्र कामाचं आहे. ज्याच्याकडे सांभाळ आहे, त्याने ज्येष्ठ व्यक्तीला कायमचं टाकून देण्याच्या हेतूने कुठेही सोडलं, तर 3 महिन्यांपर्यंत कैद, 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे आश्रम आईला फाटकाबाहेर बसवू शकत नाही. पण कलम दुधारी आहे. ‘नाही नेत, करा काय करायचं ते’ असं रागाच्या भरात तुम्ही लिहून देऊ नका. त्यांची आठ दिवसांची मुदत मात्र लेखी मागा.

बांधून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 चा (बेकायदा अडकवून ठेवणं) विषय होऊ शकतो. पोलिस ठाण्यात अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात मालक आणि व्यवस्थापक यांची नावं पुढे ठेवा. तुमच्याच पत्रात आहे की रात्री 14 जणांना एकच आया असते. तिच्या एकटीच्या माथी सगळं मारलं तर मालक सुटेल, आणि उद्या खरं बोलू शकणारी साक्षीदार तुम्ही गमवाल.

भावाशी आज वाद घालू नका. फक्त सिव्हिलला जाताना त्याला बरोबर घ्या आणि ड्रेसिंग बदलताना आत थांबायला सांगा.

आईला आश्रमातून नेताना औषधांची यादी आणि शेवटचं नोंदवलेलं वजन मागा. तिथे आणखी एक छापील कागद पुढे येईल, ‘सामान मिळाले, तक्रार नाही’ असा. सहीशिवाय सोडत नसतील, तर ‘तक्रार नाही’ हे शब्द खोडा, वर ‘हरकत राखून’ असं स्वतःच्या हाताने लिहा, तारीख-वेळ घाला, फोटो काढा आणि मगच सही करा.